धामधूम, तोतया, सनद: रशियन इतिहासाच्या शब्दसूचीच्या नोंदी

१२ जून २०२५

शब्दसूचीच्या कामाला आज रीतसर सुरुवात केली. टेबलावर तीन वह्या, लॅपटॉपवर एक तक्ता. रकाने असे ठरवले: रशियन शब्द, त्याची फोड, युक्रेनी, पोलिश, जर्मन, इंग्रजी आणि शेवटी मराठी. एस्टोनियन, फिनिश किंवा कझाक शब्द काही वेगळं सांगत असेल तिथे तोही घालायचा. पहिल्या टप्प्यात साठ शब्द घेणार आहे.

हे काम का हाती घेतलं ते एकदा लिहून ठेवते. सत्तावीस वर्षं रशियन शिकवली. मुलं भाषा छान शिकतात, पण इतिहासाचं पान पुढ्यात आलं की त्यांची मराठी अडखळायला लागते. शब्द रशियनमधून सरळ येत नाही, इंग्रजीला वळसा घालून येतो. रशियन 'स्मूता'चं इंग्रजीत 'टाइम ऑफ ट्रबल्स' होतं आणि त्याचं मराठीत 'संकटांचा काळ'. त्यात ना रशिया उरतो, ना मराठी. आपल्या भाषेत एके काळी राज्य चाललं आहे. जमीन, वसुली, बंड, फितुरी, गादीचे वारस, दरबारातले रुसवेफुगवे, या सगळ्याला मराठीत शब्द आहेत आणि ते दप्तरांत वापरून झिजलेले आहेत. ते काढून पाहायचे, एवढाच विचार आहे.

शेजारच्या इमारतीतले मोडीवाचक काका मदतीला तयार झाले. पोलिशसाठी वॉर्सात राहणारी माझी जुनी विद्यार्थिनी आहे.

१५ जून

'झार'पासून सुरुवात केली, कारण हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटतं.

मूळ लॅटिन 'सीझर'. जुन्या स्लाव्होनिकमध्ये त्याचं 'त्सेसार' झालं आणि पुढे आक्रसून 'त्सार'. मॉस्कोच्या इव्हान चौथ्याने १६ जानेवारी १५४७ रोजी या पदवीने राज्याभिषेक करून घेतला. त्याच्या आधी बल्गेरियाचे राजे स्वतःला त्सार म्हणवत होते. १७२१ मध्ये पीटर पहिल्याने 'इंपेरातर' ही पदवी घेतली. म्हणजे कागदोपत्री नंतरचे सगळे सम्राट, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत त्सारच राहिले.

मराठी वाचकाला एक गोष्ट दिसत नाही, ती टिपेत घालते. रशियन बायबलात दावीद राजा हाही 'त्सार'च आहे, आणि कॉन्स्टँटिनोपल म्हणजे 'त्सारग्राद', त्सारचं नगर. शब्दाभोवती देवळातल्या धुपाचा वास आहे. आपण 'झार' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर जुलमी राजा येतो, तोही बहुधा शेवटचा. रशियन शेतकऱ्याच्या कानाला त्यात शलमोनही ऐकू येत होता.

आता उच्चार. इंग्रजीतलं 'सीझेड'ने सुरू होणारं स्पेलिंग ऑस्ट्रियाच्या दरबाराचा वकील हेर्बेरश्टाइन याच्या १५४९ च्या लॅटिन ग्रंथामुळे पसरलं. आपला 'झ' त्याच वाटेने आला. खरं तर मूळ ध्वनी मराठी माणसाच्या तोंडात रोजचा आहे. गुरांना घालतो तो 'चारा', त्यातला 'च' म्हणजे तंतोतंत रशियन 'त्स'. 'चारा'चा शेवटचा काना उच्चारू नका, झाला रशियन राजा तयार. वर्गात हे सांगितलं की मुलांची जीभ लगेच जागेवर येते. हिंदीभाषक विद्यार्थ्याला हा ध्वनी घोटवून घ्यावा लागतो. पण लिपीत दोन्ही 'च' एकच असल्यामुळे 'चार' लिहिलं तर आकडा वाचला जाणार.

निर्णय: 'झार' ठेवला. शंभरहून अधिक वर्षं रुळलेला शब्द मोडण्यात अर्थ नाही. उच्चाराची टीप सोबत दिली.

२१ जून

आज दिवसभर एकच शब्द: स्मूता.

काळ १५९८ ते १६१३. जुन्या राजवंशाचा शेवटचा झार फ्योदर निपुत्रिक वारला. मग बोरीस गदुनोव गादीवर आला, १६०१ ते १६०३ भयंकर दुष्काळ पडला, एकामागून एक वारसदार उगवले, पोलिश फौज क्रेमलिनमध्ये येऊन बसली, स्वीडिश सैन्याने नोव्हगोरोद घेतलं. १६१३ मध्ये मिखाईल रोमानोवची निवड झाली तेव्हा कुठे घडी बसली.

'स्मूता'च्या मुळाशी ढवळणं आहे. पाणी ढवळून गढूळ झालं की जे होतं ते. जर्मनमध्ये 'वीरेन', गुंतागुंत, गोंधळ. स्वीडिशमध्ये 'मोठी बेबंदी' अशा अर्थाचं नाव आहे. पोलिशमध्ये 'स्मुतनी' म्हणजे दुःखी, त्यामुळे पोलिश वाचकाला या शब्दात आधी उदासी ऐकू येते. वॉर्साहून आलेल्या पत्रात आणखी एक गोष्ट कळली: तिकडे या मोहिमांना 'दिमित्रियाडी' म्हणतात, खोट्या दिमित्रीच्या नावावरून. ज्यांच्या घरात आग लागली ते 'ढवळाढवळ' म्हणतात आणि जे स्वारीवर गेले ते मोहिमेला नाव देतात.

मराठीसाठी 'अराजक', 'अंदाधुंदी', 'बेबंदशाही' असे शब्द मांडून बसले होते. संध्याकाळी काका आले. चहाचा कप खाली ठेवता ठेवता सहज म्हणाले, "अहो, आमच्या कागदांत याला धामधूम म्हणतात." आणि ते खरंच आहे. आज धामधूम म्हटलं की लग्नघर आठवतं. जुन्या कागदांत धामधूम म्हणजे फौजांची धावपळ, मुलूख उजाड होणं, रयतेनं परागंदा होणं. संभाजी महाराजांच्या वधानंतरच्या, राजाराम महाराज आणि ताराबाईंच्या वर्षांना 'धामधुमीचा काळ' म्हणण्याची रीत इतिहासलेखनात आहे. राजा नाही, राजधानी धड नाही, फौजा चारी दिशांना, आणि तरी राज्य संपत नाही. स्मूताचं चित्र याहून वेगळं नाही.

तक्त्यात लिहिलं: स्मूता, धामधुमीचा काळ (१५९८–१६१३). लिहिताना फार समाधान वाटलं.

२२ जून

आजच्या तारखेची नोंद. २२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. रशियनमध्ये त्या युद्धाचं नाव 'वेलिकाया ओतेचेस्त्वेन्नाया वोयना'. 'ओतेचेस्त्वो' म्हणजे पितृभूमी, 'ओतेत्स' (बाप) या शब्दावरून. मराठीत सर्रास दिसतं ते 'महान देशभक्तीपर युद्ध' हे इंग्रजीची नक्कल आहे. 'देशभक्तीपर' गीत असतं, युद्ध नव्हे. 'पितृभूमीचं महायुद्ध' केलं. १८१२ च्या नेपोलियनविरुद्धच्या लढ्याला 'पितृभूमीचं युद्ध', म्हणजे दोन नावांमधलं नातंही टिकतं. फिनलंडमध्ये १९४१ ते १९४४ च्या लढाईला 'पुढे चालू राहिलेलं युद्ध' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते १९३९ च्या हिवाळी युद्धाचाच पुढचा भाग.

३० जून

'समाज्वानेत्स'. फोड: स्वतःच स्वतःला नाव देणारा. इंग्रजीत 'प्रिटेंडर', जर्मनमध्ये साधा 'खोटा'. मराठीला इथे क्षणभरही थांबावं लागत नाही: तोतया.

झार इव्हान चौथ्याचा धाकटा मुलगा दिमित्री १५९१ मध्ये उग्लिच इथे गळ्यावर वार होऊन मेला. १६०५ मध्ये 'मीच तो दिमित्री' म्हणणारा माणूस मॉस्कोच्या गादीवर बसला. मेलेल्या मुलाच्या आईने, मार्फा जोगिणीने, सगळ्यांसमोर त्याला 'माझा मुलगा' म्हणून जवळ घेतलं. वर्षभरात, मे १६०६ मध्ये, तो मारला गेला आणि मग तिने ती ओळख मागे घेतली. पुढे दुसरा दिमित्री आला आणि तिसराही.

पानिपतावर १७६१ मध्ये पडलेले सदाशिवरावभाऊ परत आले म्हणून उठलेलं बंड आपण 'तोतयाचं बंड' म्हणून शाळेपासून ऐकतो. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी भाऊसाहेबांचं मरण कधीच मानलं नाही. भाऊंच्या तोतयाला १७७६ मध्ये देहदंड झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १७७५ च्या जानेवारीत, मॉस्कोत येमेल्यान पुगाचोवचा शिरच्छेद झाला होता, आणि त्याचाही दावा असाच होता: आपण मेलेला झार पीटर तिसरा आहोत. पुणे आणि मॉस्को यांचा एकमेकांशी काही संबंध नसताना, लोकांनी मेलेल्याची वाट पाहण्याची ही गोष्ट दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी घडत होती. हे वाचलं तेव्हा बराच वेळ खिडकीशी उभी राहिले.

'तोतया दिमित्री पहिला', 'तोतया दिमित्री दुसरा'. या दोन ओळींवर काही चर्चा नाही.

५ जुलै

एक चूक सापडली आणि ती माझीच आहे.

दुसऱ्या तोतयाने मॉस्कोबाहेर तुशिनो गावी तळ ठोकला होता. त्याला रशियन इतिहासात 'तुशिन्स्की वोर' म्हणतात. आजच्या रशियनमध्ये 'वोर' म्हणजे चोर. इंग्रजीत 'थीफ ऑफ तुशिनो' असंच छापतात. काही वर्षांपूर्वी मीही एका लेखात 'तुशिनोचा चोर' लिहून मोकळी झाले होते. पण सतराव्या शतकात चोराला 'तात' म्हणत. 'वोर' म्हणजे राजद्रोही, खाल्ल्या मिठाला न जागणारा. त्याने काय चोरलं, असा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने तेव्हा विचारलाही होता आणि मी 'गादी' असं उत्तर दिलं होतं. उत्तर ऐकायला बरं होतं, पण चुकीचं होतं.

काकांनी 'हरामखोर' सुचवला. जुन्या कागदांत तो अगदी याच अर्थाने येतो, धन्याशी बेइमान झालेला. पण आज ती नुसती शिवी आहे. मूळ शब्दालाही आज दुसराच अर्थ चिकटला आहे, तेव्हा दोन्हीकडचं सरकणं सारखंच, हा काकांचा युक्तिवाद मला आवडला. तरी वाचक ठेचकाळेल. 'तुशिनोचा राजद्रोही' मुख्य रकान्यात घातला, आणि 'हरामखोर' टिपेत, जुन्या अर्थासह.

११ जुलै

आज एकदम नऊ शब्द झाले, कारण ते एकमेकांना धरून आले.

मंगोल सत्तेचा काळ. बातूखानाची स्वारी १२३७ ते १२४०, आणि १४८० मध्ये उग्रा नदीच्या दोन काठांवर दोन फौजा समोरासमोर उभ्या राहून परतल्या तेव्हा त्याचा शेवट मानतात. मधल्या काळात रशियन राजे व्होल्गाकाठच्या सराय या राजधानीला जाऊन आपल्या राज्याचा 'यार्लीक' आणत. यार्लीक म्हणजे सनद. आज रशियन दुकानात कपड्याला लावलेली किमतीची चिठ्ठी म्हणजे यार्लीक, एवढा तो शब्द उतरला. खानाला द्यायचा 'व्हीखद' म्हणजे खंडणी. असे राजे म्हणजे मांडलिक. तिन्ही शब्द सरळ बसले.

'सराय' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. फारसीत वाडा, राजवाडा. आपल्याकडे सराई, म्हणजे वाटसरूंची उतरायची जागा. आजच्या रशियनमध्ये 'सराय' म्हणजे सरपण आणि फावडी ठेवायची शेड. रशियन 'काज्ना' आणि आपला 'खजिना' हे तर एकाच अरबी शब्दाचे दोन वंशज, तातारांकडून तिकडे गेला, फारसीतून इकडे आला. 'सुंदूक' आणि संदूक, 'बझार' आणि बाजार. मध्य आशियातून निघालेले उंट दोन दिशांना गेले आणि दोन्हीकडे तेच सामान उतरलं.

या काळाला रशियनमध्ये 'ईगो' म्हणतात: मंगोल-तातार ईगो. लॅटिन 'युगुम', जर्मन 'योख', संस्कृत 'युग' आणि आपलं बैलाच्या मानेवरचं 'जू', सगळी सख्खी भावंडं. हे वाचून अंगावर काटा आला, कारण 'जू' हा शब्द मी आजोबांच्या तोंडून शेतात ऐकला आहे. पण रूपक रशियन शेतातलं नव्हे. पंधराव्या शतकातल्या यान द्लुगोश या पोलिश इतिहासकाराने ते लॅटिनमध्ये वापरलं आणि रशियन इतिहासलेखनात ते नंतर शिरलं. कझानच्या तातारांना हा शब्द बोचतो. टीप लिहिली. मराठी: 'मंगोल जोखड', कारण नुसतं 'जू' आता शहरात कुणाला कळत नाही.

जमिनीचे दोन शब्द. 'वोत्चिना', बापाकडून आलेली, वंशपरंपरेची. 'पोमेस्त्ये', झारची लष्करी चाकरी करायची या अटीवर मिळालेली. वतन आणि सरंजाम! अट सुटत जाऊन सरंजाम वंशपरंपरेचा कसा होतो, ते मराठी इतिहास वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. रशियात पीटरने १७१४ मध्ये दोन्ही प्रकार एकाच कायद्याखाली आणले.

'मेस्त्निचेस्त्वो': कुणाचा आजा कुणाच्या आजाच्या वर बसत होता यावरून नेमणुका ठरवण्याची रीत. खालच्या घराण्यातल्या सेनापतीच्या हाताखाली बोयार, म्हणजे दरबारातले मोठे सरदार, लढायला जात नसत. १६८२ मध्ये त्याच्या वह्याच जाळल्या. इंग्रजीला यासाठी अर्धं वाक्य लागतं. मराठीत लिहिलं: मानपान.

१९ जुलै

सकाळपासून पाऊस. मुद्दाम आजच अफनासी निकितिन काढला.

त्वेर गावचा हा व्यापारी घोडा विकायला म्हणून १४७० च्या आसपास चौलच्या बंदरात उतरला. तिथून जुन्नर, मग बहामनींची राजधानी बीदर, आणि परतताना दाभोळहून जहाज. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. जुन्नरला असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी माणसाने रदबदली केली म्हणून तो सुटला.

मला त्याचे शब्द बघायचे होते. जुन्नरला तो दोन महिने अडकला, आणि लिहितो की इथे 'झिमा' सुरू झाला, चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. 'झिमा' म्हणजे हिवाळा. पावसाळ्यासाठी त्याच्या भाषेत ऋतूच नव्हता. जो ऋतू रस्ते बंद करतो, माणसाला एका जागी बसवतो, तो त्याच्या गावी हिवाळा असतो. म्हणून जुन्नरचा आषाढ-श्रावण त्याच्या वहीत हिवाळा झाला आणि ऑक्टोबर 'वसंत'.

आणि तेवढ्यावर तो थांबत नाही. बहामनी सुलतान वीस वर्षांचा आहे, सत्ता 'बोयारां'च्या हातात आहे, असं तो लिहितो. बीदरचे उमराव त्याला बोयार दिसले. पण वजीर महमूद गवानची पदवी मलिक-उत-तुज्जार (व्यापाऱ्यांचा प्रमुख) मात्र त्याने अनुवादित केली नाही, ऐकली तशी 'मेलिकतुचार' लिहून टाकली.

पाऊस बघत बसले आणि हळूहळू लक्षात आलं, मी गेला महिनाभर तेच करते आहे. त्याने बीदरमध्ये बोयार पाहिले, मी मॉस्कोत सरंजामदार पाहते आहे. त्याच्या 'हिवाळ्या'तून जुन्नरचं हवामान कळत नाही, त्वेरच्या माणसाचं मन कळतं. माझ्या 'वतना'तून वोत्चिना कळते, की फक्त माझं मन? पाटलाचं वतन गावच्या कामाशी, हक्क-लवाजम्याशी बांधलेलं होतं. बोयाराच्या वोत्चिनेला गावचं काहीच देणं नव्हतं.

तक्त्यात नवा रकाना घातला: 'कुठे जुळत नाही'. मागच्या सगळ्या नोंदी पुन्हा भरायच्या. दोन आठवडे जातील, पण त्याशिवाय पुढे जाणार नाही.

२ ऑगस्ट

'क्रेपस्तनोए प्रावो', शेतकऱ्याला जमीनदाराशी बांधणारी व्यवस्था. सगळ्यात कठीण शब्द, आणि आधी मीही गृहीत धरलेला.

मराठीत 'भूदास' रूढ आहे. बाकीच्या भाषा काय पाहतात? जर्मन 'लाइबआयगेनशाफ्ट': शरीराची मालकी. पोलिश 'पोद्दान्स्त्वो': कुणाच्या तरी खाली दिलेलं असणं. इंग्रजी 'सर्फ' लॅटिनमधल्या गुलामाच्या शब्दावरून. फिनिश शब्दात जमीन आणि गुलामी, म्हणजे अगदी आपल्या भूदासासारखा. आणि रशियन? 'क्रेपस्त' म्हणजे किल्ला, मजबुती, आणि जुन्या भाषेत पक्का दस्त, खरेदीखत. क्रेपस्तनोय म्हणजे दस्ताने बांधला गेलेला माणूस. जर्मनाला शरीर दिसलं, फिनिश माणसाला जमीन, रशियनाला कागद.

बंधन एका दिवसात आलं नाही. १४९७ च्या कायद्याने शेतकऱ्याला जमीनदार सोडून जायला वर्षातले दोनच आठवडे ठेवले, २६ नोव्हेंबरच्या युरी संताच्या दिवसाच्या मागचा एक आणि पुढचा एक. पिकं निघालेली, हिशेब चुकते झालेले, देणं द्यायचं आणि निघायचं. पुढे तेही गेलं, आणि १६४९ च्या संहितेने पळालेल्याला शोधून आणायला मुदतच ठेवली नाही. 'घे आजी, हा तुझा युरीचा दिवस!' ही म्हण रशियन माणूस आजही आशेवर पाणी पडलं की म्हणतो. तिच्यात दोन आठवड्यांचं नव्हे, अडीचशे वर्षांचं दुःख आहे. १९ फेब्रुवारी १८६१ ला मुक्तीचा जाहीरनामा निघाला, तेव्हा सव्वादोन कोटींहून अधिक माणसं या बंधनात होती. जमिनीची किंमत मात्र ४९ वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती. हे हप्ते १९०७ पासून माफ झाले.

मी आधी 'कूळ' लिहून पाहिलं. नाही. कूळ नाडलं जातं, पण कूळ विकलं जात नाही. १९४८ च्या कूळकायद्याची आठवण ज्या घरांत आहे तिथे या शब्दाला हक्काचा वास आहे. मग 'बांधील' सुचला, फोडीला अगदी चपखल. पण 'बांधिलकी' आता मनापासून स्वीकारायची गोष्ट झाली आहे, तो शब्द इथे वापरणं मला बरं वाटेना.

निर्णय: 'भूदास' कायम, 'कुठे जुळत नाही'मध्ये: रशियात भूदास जमिनीशिवायही विकले जात. घरकामाच्या 'द्वरोवीये' लोकांना जमीन नव्हतीच. त्यांच्यासाठी पेशवाईतल्या कुणबिणी-बटकींची आठवण दिली. ते दुवे द्यायला जड जातं, पण विकत घेतलेल्या बायका आपल्याकडेही वाड्यांत राबत होत्या आणि त्यांची नोंद कागदांत आहे.

सोबतचे शब्द सुटले: 'बार्श्चिना' म्हणजे वेठ, 'अब्रोक' म्हणजे खंड. 'पदूश्नाया पोदात' म्हणजे डोईपट्टी. फरक एवढाच की आपण डोकी मोजली आणि त्यांनी आत्मे. 'दुशा' म्हणजे आत्मा, आणि शिरगणतीत फक्त पुरुषांचे आत्मे मोजत.

१० ऑगस्ट

'मीर'. शांतता, जग आणि गावकी, तिन्ही. १९१८ च्या लिपीसुधारणेआधी शांततेचा 'मीर' आणि जगाचा 'मीर' वेगवेगळ्या 'इ'ने लिहीत. गावकी जगाच्या बाजूला होती: शेतकऱ्याचं गाव हेच त्याचं जग. सुधारणेत एक अक्षर गेलं आणि हा फरक डोळ्यांना दिसेनासा झाला.

रशियन मीर जमीन सामाईक ठेवी आणि ठरावीक काळाने घराघरांत नव्याने वाटे. गोव्यातली 'गावकारी', जिला पोर्तुगीज कोमुनिदाद म्हणाले, तिच्यातही जमीन गावकारांची सामाईक. पण तिथे तुकडे लिलावाने देत, आणि गावकार हे गावातली मोजकी घराणी. रशियात तुकडा घरातल्या माणसांच्या हिशेबाने मिळे. 'गावकी' लिहिलं, गावकारी टिपेत.

१६ ऑगस्ट

'दूमा', रशियाची लोकसभा. आपल्या वर्तमानपत्रांतला 'ड्यूमा' इंग्रजी स्पेलिंग वाचून आलेला आहे, तो काढला. रशियन 'दूमात' म्हणजे विचार करणे, म्हणून १९०६ ची ती विचारसभा. तोच शब्द युक्रेनीत वीरगाथा, कोब्झार नावाचे फिरते गायक गात ती. बल्गेरियनमध्ये 'दूमा' म्हणजे शब्द. पोलिशमध्ये अभिमान. वॉर्साहून निरोप आला की हे वाचून ती दिवसभर हसत होती.

६ सप्टेंबर

गौरी-गणपतीत काम थांबलं होतं. आज 'ओप्रिच्निना'.

१५६५ मध्ये इव्हान चौथ्याने राज्याचे दोन भाग केले. एक बोयारांनी चालवायचा, दुसरा त्याचा स्वतःचा. त्या दुसऱ्याचं नाव ओप्रिच्निना. 'ओप्रिच' म्हणजे वगळून, खेरीज. त्याआधी हा शब्द निरुपद्रवी होता: राजा वारल्यावर त्याच्या विधवेसाठी बाजूला काढून ठेवलेली जमीन. काका लगेच म्हणाले, "खासगी!" होळकरांच्या दौलतीत १७३४ पासून गौतमाबाईंच्या नावे खासगी होती, पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. जुन्या अर्थाने शब्द तंतोतंत जुळतो.

आणि तरीही मी तो घेतला नाही. काकांना वाईट वाटलं. पण मराठी माणसाला होळकरांची खासगी म्हटलं की घाट, देवळं, धर्मशाळा दिसतात. ओप्रिच्निकी, म्हणजे त्या भागातले इव्हानचे शिपाई, काळे कपडे घालून, खोगिराला कुत्र्याचं मुंडकं आणि खराटा बांधून फिरत. १५७० मध्ये त्यांनी नोव्हगोरोदमध्ये कत्तल केली. इव्हानला सोडून गेलेल्या कुर्ब्स्कीने त्यांना 'क्रमेश्निकी' म्हटलं. 'क्रोमे' म्हणजेही खेरीज, पण 'क्रमेश्नाया त्मा' म्हणजे नरकातला बाहेरचा अंधार. एका प्रत्ययात त्याने सगळं सांगितलं. १५७२ मध्ये व्यवस्था मोडली, तेव्हा हा शब्द उच्चारणाऱ्याला चव्हाट्यावर फटके मिळत, असं तिथे चाकरीला असलेल्या श्टाडेन नावाच्या जर्मनाने लिहून ठेवलं आहे.

ज्या शब्दासाठी फटके बसले तो अनुवादित करायचा नाही. 'ओप्रिच्निना' तसाच. फोडीच्या रकान्यात 'खेरीज', टिपेत 'खासगी' आणि कारण.

१४ सप्टेंबर

'सव्येत': सल्ला आणि सभा दोन्ही. मराठी 'मसलत' जवळची आहे, पण 'सोव्हिएत' आता हलणार नाही. इथे बाकीच्या रकान्यांनीच आज दिवस खाल्ला. युक्रेनीने 'रादा' वापरून शब्द आपला केला, 'राद्यान्स्की'. फिनिश, एस्टोनियन, लाटव्हियन, लिथुआनियन, जॉर्जियन, आर्मेनियन, सगळ्यांनी आपापला सभेचा शब्द घातला. इंग्रजी, जर्मन आणि मराठीने नाद तेवढा घेतला. पोलिशमध्ये दोन शब्द आहेत: युद्धाआधीचा 'सोव्हयेत्स्की' आणि १९४५ नंतर सरकारी झालेला 'राजेत्स्की'. कोण कुठला वापरतो यावरून बोलणाऱ्याचं मत कळतं. वॉर्सातल्या मुलीने तिच्या आजेसासूबाईंना विचारलं. त्या फक्त पहिला वापरतात.

'कुलाक' म्हणजे मूठ, सधन शेतकऱ्यासाठी वापरत तो शब्द, तसाच ठेवला.

२७ सप्टेंबर

'होलोदोमोर'. युक्रेनी शब्द, म्हणून 'ह'नेच.

१९३२–३३. धान्य सक्तीने उचललं, गावं काळ्या यादीत टाकली, शेतकऱ्यांना गाव सोडून बाहेर जायला बंदी केली. लाखो माणसं गेली. कझाकस्तानात त्याच वर्षांत तसंच झालं, तिथला शब्द 'अशारशिलीक'. रशियन पुस्तकांत बहुधा नुसतं 'गोलद', म्हणजे भूक, दुष्काळ.

मराठीत आजवर छापलेलं 'युक्रेनचा दुष्काळ' मी खोडलं. दुष्काळ हा काळ आहे, तो पडतो, पाऊस नसला की पडतो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरासमोरच्या रस्त्याच्या कामावर आई खडी फोडणाऱ्या बायकांना पाणी नेऊन देत असे. त्या शब्दाला ढगाकडे बघण्याची सवय आहे. इथे माणसांनी माणसांचं धान्य नेलं.

फोड केली: 'होलोद' भूक, 'मोर' मारणं, मरी. भूक-मार. आणि मग वहीवर पेन तसंच राहिलं, कारण मराठीत हा समास आधीपासून आहे. उपास-मार. रोज वापरतो, 'आज अगदी उपासमार झाली' म्हणतो, आणि त्यातला 'मार' कधी ऐकलेला नसतो.

काकांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, कागद हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "मधे रेघ द्या, बाई." ती दिली.

होलोदोमोर: उपास-मार (युक्रेन, १९३२–३३). 'कुठे जुळत नाही'चा रकाना या ओळीपुढे रिकामा ठेवला आहे. साठावा शब्द हाच. सोमवारी प्रिंट काढून वॉर्साला आणि काकांना एकेक प्रत देते. नंतर दुसऱ्या टप्प्याची यादी.